खाटेखालचे कणे

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही अशा एका जागी उभे आहात जिथे पूर्व नाही, पश्चिम नाही आणि दक्षिणही नाही. पुढे वळा, मागे वळा, गर्रकन गोल फिरा, जिकडे तोंड कराल तिकडे उत्तरच. पायाखाली बर्फ, इतका जाड की त्याच्या तळाशी जमीन आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. झाड नाही, रस्ता नाही, एखादा कावळासुद्धा नाही. आता सांगा, तुमचं घर कुठल्या बाजूला?

घाई करू नका. या प्रश्नापायी एका मुलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ती तर जिथे पृथ्व्या तयार होतात अशाच घरात राहत होती.

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी मावशीच्या कारखान्यात शिरली की दिसेल तो पृथ्वीगोल ती फिरवून सोडायची, म्हणून हे नाव. कारखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. खाली एक लांबट खोली, दोन टेबलं, खळीचं पातेलं आणि छताला दोऱ्यांनी टांगलेले पुठ्ठ्याचे गोळे. मागे छोटंसं अंगण. अंगणातून आत येणारं दार, मग खोली, मग जिना आणि वर भिंगरीची झोपायची खोली. मावशी छापील कागदाच्या पाकळ्या त्या गोळ्यांवर चिकटवायची. पाकळ्या होडीसारख्या, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. पण कितीही हुशार हात असला तरी ती टोकं ध्रुवावर नेमकी जुळत नाहीत. कुठे फट राहते, कुठे सुरकुती येते. ते झाकायला वर एक गोल कागदी टिकली लावतात. उत्तरेला एक, दक्षिणेला एक. टिकल्या लावायचं काम शाळेतून आल्यावर भिंगरीकडे असे. शेवटी गोळ्याच्या आरपार एक पोलादी गज जायचा. त्याला कारखान्यात कणा म्हणत. दक्षिणेच्या टोकाला त्याच्यावर पितळी चाकी बसायची, आणि टिकली चाकीखाली जायची.

भिंगरीची आई त्या चाकीखाली राहत होती.

हे भिंगरीचंच म्हणणं. आई जनरेटर दुरुस्त करणारी कारागीर. दक्षिण ध्रुवावरच्या एका संशोधन केंद्रात तिला वर्षभराचं काम मिळालं होतं. शास्त्रज्ञ तारे बघत, हवा मोजत, आणि ते गारठून जाऊ नयेत म्हणून आई यंत्रं चालू ठेवायची. घरात माणसं तीनच, आई, मावशी आणि भिंगरी. त्यातलं एक निघून गेल्यावर घर कसं होतं, ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं भिंगरीशी एक करार केला होता. "तू झोपायच्या आधी दक्षिणेला तोंड करायचं. मी त्याच वेळी उत्तरेला करीन. म्हणजे आपण समोरासमोर. मग दिवसभरातलं काय ते बोलायचं."

"तुला ऐकू येईल?"

"नाही गं. पण पाठ करून बोलण्यापेक्षा तोंडासमोर बोललेलं बरं, नाही का? नाहीतर भांडल्यासारखं वाटतं."

आईनं एक घड्याळ घरच्याच वेळेवर ठेवायचं कबूल केलं. मावशीनं भिंगरीला एक होकायंत्र दिलं. मोठ्या गोलांच्या लाकडी बैठकीत बसवायला तिच्याकडे अशी होकायंत्रं असत. तेव्हापासून रोज भिंगरी खाटेवर मांडी घालून बसायची, होकायंत्र गादीवर ठेवायची, सुई शांत होईपर्यंत श्वास रोखायची आणि सुईच्या शेपटाकडे तोंड करायची. शेपूट खिडकीकडे असायचं. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायची. भिंगरी त्या टाकीला शाळेतलं सगळं सांगायची. बाकावरची मैत्रीण दुसरीकडे बसायला लागली, चित्रकलेच्या बाई आजारी आहेत, सायकलची साखळी पुन्हा पडली. टाकी ऐकून घ्यायची. कधी कधी वाहायला लागायची.

असे महिने गेले.

मग एके दिवशी मावशीकडे शाळांचं मोठं काम आलं. भिंगरी घरी आली तेव्हा मावशी तिच्या खाटेखाली अर्धी शिरलेली होती.

"काय शोधतेस?"

"शोधतेय कुठे, काढतेय. कणे. एवढे दिवस तुझ्या खाटेखाली पडून होते, आता त्यांना पृथ्व्या मिळाल्या." मावशीनं पोलादी गजांचे जुडगे एकामागून एक ओढून काढले. कोरडी आणि सपाट जागा घरात तेवढीच होती, म्हणून गज कायम तिथेच असत. आडवे, खिडकीकडे टोकं करून.

त्या संध्याकाळी भिंगरीनं नेहमीसारखं होकायंत्र गादीवर ठेवलं. सुई हलली, थरथरली आणि भलत्याच जागी जाऊन थांबली. शेपूट खिडकीकडे नव्हतं. ते कपड्यांच्या कपाटाकडे होतं. भिंगरीनं यंत्र उचललं, हलवलं, परत ठेवलं. कपाट. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. तरी कपाटच.

ती जिन्यावरून खाली आली ती पायऱ्या न मोजताच. "मावशी, दक्षिण हलली."

मावशीच्या हातात खळीचा ब्रश होता. तिनं सगळं ऐकलं, वर छताकडे पाहिलं, आणि ब्रश पातेल्यात राहू दिला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "पोलाद. सुईशेजारी पोलाद ठेवलं की ती त्याच्या नादी लागते. हे मला माहीत असायला नको होतं का? जन्मभर पृथ्व्या करतेय मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

"म्हणजे इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"

मावशीनं खोटं सांगितलं नाही. खोटं सांगणं तिला जमतही नसे. तिनं टांगलेला एक गोल खाली घेतला, घराच्या जागी दोरा धरला आणि खिडकीच्या दिशेनं ताणून पुढे नेला. दोरा जमीन सोडून समुद्रात उतरला आणि समुद्रातच संपला.

"माशांशी," भिंगरी म्हणाली.

"मासे भले असतात. मधेच बोलत नाहीत."

भिंगरी हसली नाही. त्या रात्री तिनं कपाटाकडे तोंड केलं, पण तोंडातून शब्द निघेना. रोजचं बोलणं टाकीच्या ओळखीचं होतं, कपाटाशी ओळख व्हायची होती.

सुट्टीच्या दिवशी आईचा फोन यायचा. आकाशातला उपग्रह डोक्यावर असेपर्यंतच बोलता यायचं, त्यामुळे आई नेहमी धावत पळत बोलायची. भिंगरीनं आधी गजांची गोष्ट सांगितली. आई खूप हसली. ते हसू थोडं उशिरा पोचलं, लांबून येतं तसं.

"जाऊ दे गं. तू चुकलीस तरी मी नाही चुकले. इथे होकायंत्र काही कामाचं नाही, भलतीकडेच बोट दाखवतं. पण मला लागतंच कशाला? मी ध्रुवावर. कुठेही तोंड केलं तरी उत्तरच. मी झोपायच्या आधी खिडकीशी उभी राहते आणि बोलते."

"कुठल्या खिडकीशी?"

"जी रिकामी असेल ती."

भिंगरीला एकदम हायसं वाटलं. मग आईनं सांगितलं, की सूर्य आता क्षितिजाला घासत गोल गोल फिरतोय. एक-दोन आठवड्यांत बुडेल, तो थेट सहा महिन्यांनी उगवेल. "काळजी करू नकोस, दिवे आहेत आमच्याकडे. आणि दिव्यांना जनरेटर आहे आणि जनरेटरला मी आहे." एवढ्यात आवाज तुटला.

हायसं वाटणं फार वेळ टिकलं नाही. संध्याकाळी टिकल्या लावताना भिंगरीचं बोट एका दक्षिण ध्रुवावर थांबलं. चाकी अजून बसायची होती. पाकळ्यांच्या जोडरेघा टिकलीपासून चहूकडे निघाल्या होत्या, उन्हात वाळलेल्या चिखलाला भेगा जाव्यात तशा. त्यातली प्रत्येक उत्तरेला जात होती. एक एका वाळवंटात जात होती. एक बेटांमधून. एक नुसत्या पाण्यातून. आणि एकच, फक्त एकच, त्यांच्या गावाच्या जवळून जात होती.

"मावशी," भिंगरी म्हणाली, "आईची उत्तर कुणाच्याही घरी जाते."

मावशी चष्मा पुसत जवळ आली. भिंगरीनं बोटानं एकेक रेघ दाखवली. मावशीनं मान डोलावली. तिला हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पोरीच्या बोटाखाली दिसणं वेगळं.

"ती रिकाम्या खिडकीशी उभी राहते. म्हणजे ती वेगळ्याच मुलीकडे बघते. आणि मी माशांकडे." भिंगरीचा आवाज बारीक झाला. "आम्ही एकदाही समोरासमोर नव्हतो."

"केंद्रात एवढे शास्त्रज्ञ आहेत. आई त्यांना विचारील, आपली रेघ कुठली. बोट दाखवतील."

"नको. करार आमचा आहे. आमचं आम्ही शोधणार."

"बरं. मग शोध. तुझ्या आईजवळ काय काय आहे ते आठव. होकायंत्र चालत नाही. झाड नाही, डोंगर नाही. काय आहे?"

"बर्फ."

"आणखी?"

"घड्याळ. आपल्या वेळेचं."

"आणखी?"

भिंगरीला काही सुचेना. तुम्हाला सुचतंय का? सुचलं तरी बोलू नका, तिला शोधू द्या.

दोन दिवस ती मनात बर्फ आणि घड्याळ एवढंच घोकत होती. शाळेत कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही एवढंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली आणि मावशीनं टेबलावर कंदील ठेवला. छताला टांगलेला एक गोळा कंदिलासमोर सावकाश फिरत होता. त्याला अजून भोक पाडलेलं नव्हतं, कणा नव्हता, चाकी नव्हती. अर्धी पृथ्वी उजेडात, अर्धी काळोखात. भिंगरी बघत राहिली.

"सूर्य," ती म्हणाली. "आईजवळ अजून सूर्य आहे."

मावशीनं टाचण्यांची डबी पुढे सरकवली. भिंगरीनं एक टाचणी आपल्या गावावर टोचली आणि एक अगदी तळाला, आईच्या टिकलीवर. मग दोरा पिळून गोळा हळूहळू फिरवला. गावाची टाचणी काळोखातून उजेडात आली तेव्हा तिची सावली लांबच लांब पडली. ती जसजशी पुढे आली तसतशी सावली आखूड झाली, कललेली होती ती सरळ झाली आणि एका क्षणी नेमकी वरच्या ध्रुवाकडे वळून थांबली. भिंगरीनं गोळा तिथेच धरला.

"ही भर दुपार," मावशी म्हणाली. "सावली सगळ्यांत आखूड आणि सरळ उत्तरेला. आता तू त्या गावातल्या टाचणीएवढी हो आणि सावलीकडे पाठ कर. समोर काय?"

"दिवा. आणि दक्षिण."

"आता खाली जा. आईएवढी हो. दिव्याकडे तोंड कर. समोर काय?"

भिंगरी टेबलाखाली वाकली, मान वाकडी केली, एक डोळा मिटला. तळाच्या टाचणीपासून दिव्याच्या बाजूनं वर येणारी रेघ तिनं नजरेनं धरली. ती रेघ थेट गावाच्या टाचणीला येऊन भिडली. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मावशीला वाटलं, हिची मान आखडली.

"दोघींच्या समोर दिवा आहे," भिंगरी टेबलाखालून म्हणाली.

"मग?"

"म्हणजे दोघी समोरासमोर आहेत."

आता एकच काम उरलं होतं. आपल्या गावात सावली सगळ्यांत आखूड नेमकी कधी होते, ते घड्याळात पाहून ठेवायचं आणि आईला सांगायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, दुपारी बारा वाजता. पण घड्याळाचे बारा सगळ्या मुलखासाठी ठरवलेले असतात आणि सावलीचे बारा ज्या त्या अंगणाचे. त्यासाठी ऊन हवं. आणि नेमकं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. आभाळ भरून आलं ते हटेना. रोज दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत भिंगरी घरी धावत यायची. अंगणात मातीनं भरलेल्या कुंडीत मावशीनं एक कणा ओळंब्यानं सरळ उभा करून ठेवला होता. कण्याला सावली म्हणून नव्हती. सगळी फरशी सारखीच करडी.

"परवा फोन," भिंगरी म्हणाली.

"हो."

"त्याच्या पुढच्या फोनपर्यंत तिथला सूर्य बुडलेला असेल."

"हो."

"तू नुसतं हो हो काय म्हणतेस?"

"मग ढगांना काय, नोटीस देऊ?" मावशी म्हणाली आणि तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला खळ होती. केस चिकटले. दोघींनीही ते तसेच राहू दिले.

फोनच्या आदल्या दिवशी सकाळी फरशीवर एक अस्पष्ट पट्टा उमटला. पुसट झाला, परत उमटला. भिंगरीनं दप्तर परत खुंटीला लावलं. मावशीनं ते पाहिलं आणि शाळेचं नाव काढलं नाही. दिवसभर भिंगरी खडू घेऊन उकिडवी बसली. सावलीच्या टोकाला खूण करायची आणि शेजारी घड्याळातली वेळ लिहायची. ढग आला की खडू थांबायचा, ढग गेला की चालायचा. खुणा जवळ जवळ आल्या, अगदी चिकटल्या आणि मग पुन्हा लांब जाऊ लागल्या. सगळ्यांत जवळची खूण बारा वाजून गेल्यावर बऱ्याच उशिरानं झाली होती. मावशीनं कुंडीपासून त्या खुणेवरून सुतळी ताणली आणि भिंगरीनं खडूनं रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा भिंगरी कशी आहेस, बरी आहे, असलं काही बोललीच नाही. "आई, घरच्या घड्याळात मी सांगते ती वेळ झाली की बाहेर जा आणि सूर्याकडे तोंड कर. थेट सूर्याकडे बघू नकोस, डोळे जातात. नुसतं तोंड कर. तिथे मी आहे."

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. उपग्रह गेला की काय, असं मावशीला वाटलं.

"अजून आहे सूर्य," आईचा आवाज आला. "बोटभर वर आहे. उद्या जाते. वेळ परत सांग."

भिंगरीनं परत सांगितली. आईनं परत म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इकडे पुन्हा आभाळ आलं. सूर्य कुठे आहे ते काही कळत नव्हतं. पण रेघ होती. भिंगरी कुंडीशी, रेघेच्या टोकाला, उत्तरेला पाठ करून उभी राहिली. समोर अंगणाची भिंत, भिंतीवर वाळत घातलेलं एक फडकं. घड्याळाचा काटा आला आणि गेला. आई बाहेर आली असेल का, तिकडे वारा सुटला असेल का, जनरेटर बंद पडून तिला धावावं लागलं असेल का, हे कळायला काही मार्ग नव्हता. भिंगरी उभीच राहिली. मग तिनं हळू आवाजात भिंतीला सांगितलं, की मैत्रीण अजून तिकडेच बसते, आणि सायकलची साखळी मी माझी मी बसवली.

पुढच्या सुट्टीला फोन आला, पण अगदी तुटक. मधले शब्द गळत होते. "सूर्य गेला… बांबू रोवलेत… एकामागे एक, त्या दिशेला… लाल फडकं बांधलंय… काळोखात दोरीला धरून जाता येतं…" आणि मग, नीट, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीतून, "आता मी चुकणार नाही गं." पुढे नुसती खरखर.

भिंगरीनं फोन ठेवला. बाहेर अंगणात गेली, खडू घेतला आणि मावशीला सुतळीचं टोक धरायला लावलं. अंगणातली रेघ तिनं उंबऱ्यावरून आत आणली. टेबलांखालून, खळीच्या डागांवरून, जिन्यापर्यंत. जिन्यात सुतळी धरणं फार अवघड गेलं. ओळंबा वरून खाली सोडून, दोनदा चुकून, शेवटी रेघ वर पोचली आणि तिचं दक्षिणेचं टोक खाटेखालून जाऊन कपाटाशी थांबलं. कपाटामागे भिंत होती. भिंतीत खिडकी नव्हती. तिथून काहीच दिसत नव्हतं.

होकायंत्र तिनं मावशीला परत दिलं. मावशीनं ते एका मोठ्या गोलाच्या बैठकीत बसवून टाकलं.

थोड्या दिवसांनी नव्या गजांची गाडी आली. जुडगे दाराशी उतरले. मावशी कमरेवर हात ठेवून कारखान्याकडे बघत उभी राहिली.

"आता हे कुठे ठेवू? इथे ओल येते. बाहेर गंज चढेल."

"माझ्या खाटेखाली," भिंगरी म्हणाली.

"अगं, पण तुझी दक्षिण—"

"ती फरशीवर आहे. आता ती हलत नाही."

आणि मावशी काही बोलायच्या आत तिनं पहिला गज दोन्ही हातांनी उचलला, जिना चढून वर नेला, खाटेखाली वाकली आणि तो खडूच्या रेघेवर, टोक कपाटाकडे करून, सरळ ठेवला. मग दुसरा आणायला खाली आली.